शुक्रवारचा शर्ट

बाबा, वर तीर्थरूप लिहिलं होतं, खोडलं. आज हात वळत नाहीये. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुमच्यावर कधी चिडले नव्हते, ती सगळी कसर आत्ता निघतेय.

गेल्या शुक्रवारी तुमच्या ऑफिसातल्या गोव्याच्या अंकलनी दुपारी जेवायला बोलावलं. आईचे गुडघे धरले होते, ती इथे आखातातल्या आपल्या घरी, रय्यानलाच राहिली, मी एकटी गेले. टेबलावर रवा लावून तळलेली सुरमई, लसूण घातलेल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, आणि बर्फात ठेवलेली पोर्तुगालची पांढरी वाईन. अंकल ओतता ओतता म्हणाले, "घे गो, तुझ्या बाबाची आवडती. एकदम ड्राय, गोडाचं नाव नाही. दर शुक्रवारी इथंच बसायचा, ह्याच खुर्चीत." मला वाटलं, वय झालंय, दुसऱ्या कुणाशी गल्लत करतायत. पण पुढे ते तुमच्याच सुरात सांगायला लागले: तळलेल्या माशावर आधी लिंबू पिळायचं, मग घोट घ्यायचा. तिसऱ्यांबरोबर तर विचारूच नका. पण नारळाच्या तिखट आमटीबरोबर ही बाटली उघडायची नाही, फुकट जाते. बोट वर करून असे नियम सांगणारे तुम्हीच! नको नको म्हणत मीही घेतली. कैरीसारखी आंबट, जिभेवर बारीक चुरचुर.

"साइटवर इन्स्पेक्शन आहे" म्हणून जायचात ना दर शुक्रवारी? चारला यायचात वेलदोडा चघळत आणि एक माझ्या हातावर ठेवायचात. त्या वेलदोड्यासाठी मी दारात उभी असायचे हो!

आणि आई? वेंगुर्ल्याची पोर. तुमच्या घरात चालत नाही म्हणून लग्नाच्या दिवसापासून मासा सोडून बसली. आपण एकदा अल रुवैसला गेलो होतो, आठवतं? बंदरावर ताज्या मासळीच्या टोपल्या उतरतायत. आई थांबते, नुसती बघते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "चल पुढे, किळस कशी वाटत नाही तुला?" ती ओढणी नाकाला लावून गाडीत जाऊन बसते. मी सात वर्षांची. मलाही तिचीच लाज वाटली.

अंकलकडून घरी आले तर आईनं विचारलं, काय होतं जेवायला? मी म्हटलं, "पनीर." तिनं माझी ओढणी धुवायला उचलली, तोंडाशी नेली.

"सुरमई," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या शुक्रवारच्या शर्टाला यायचा, तोच वास. तो शर्ट मी कधी मशीनमध्ये टाकला नाही. दुसऱ्या दिवशी हातानं धुवायचे."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्यांनी जाणं बंद केलं असतं. मग मला तेवढा वासही मिळाला नसता."

बाबा, तुमच्या पिण्याचं मला काही नाही. खुशाल प्यायचं होतंत. पण डब्यात घालून एक तुकडा, एकच तुकडा तिला आणता आला नाही? फसवलंत तुम्ही आम्हाला. मला तर वेलदोड्यावर फसवलंत.

आज मी सुरमई आणली. आईनं स्वतः तळली, लिंबू पिळलं, माझ्यापुढे ताटली सरकवली आणि समोर दहीभात घेऊन बसली. म्हटलं, अगं खा ना, आता कोण आहे बोलायला! तर म्हणाली, "आता नाही गं उतरत घशाखाली. तू खा."

मी रडले, तुम्हाला नाही नाही ते बोलले. ती भात कालवत राहिली. मग मी खाल्ली. सगळी खाल्ली, तिच्यासमोर.

हे तिच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकणार आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं? खाताना त्या वाईनची फार आठवण आली.