पंधराशे, करमुक्त

७ मे २०२१, शुक्रवार

आले! पंधराशे. बँकेचा मेसेज पीठ मळताना आला, तसल्याच हाताने उघडला. लॉकडाऊनची मदत, नोंदणी असलेल्या घरकामवाल्यांना. चौदा वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटतेय, सरकारला आज पत्ता लागला.

नवरा म्हणाला, एवढेच? दोन महिने कॅन्टीन बंद म्हणून घरी बसलेल्या माणसाने 'एवढेच' म्हणू नये. मी म्हटलं तसं. मग त्याने चहा केला.

आमच्या भिशीत अकरा जणी, सगळ्या याच चाळीतल्या, सगळ्या घरकामवाल्या. सहा जणींचे आले. पाच जणींची नोंदणीच नाही, त्यांचे कुठून येणार? शेजारची अक्षता त्या पाचांत. नोंदणीला मालकाचं पत्र लागतं. तिच्याकडे नव्हतं. काय करणार.

८ मे, शनिवार

अक्षता नळावर भेटली. 'ताई, आले ना? बरं झालं.' एवढंच बोलली. हंडा भरून गेली.

तिच्या मुलीचा, पूर्वीचा, फोन बंद पडलाय. दुकानवाला हजार मागतो. पूर्वी यंदा दहावीला, पंधरा जूनला वर्ग सुरू, सगळं फोनवरच. घरात दुसरा फोन आहे तो बटणांचा. अक्षताची दोन्ही घरं मार्चपासून बंद, तिचा नवरा गेलेला तीन वर्षांपूर्वी. हजार रुपये म्हणजे तिला आत्ता काय आहेत ते मला माहीत आहे.

ही डायरी २०१८ची आहे, मी पोळ्या करते त्या काकांनी दिलेली. वार रोज खोडून लिहावे लागतात. काका काही फेकत नाहीत.

११ मे, मंगळवार

काकांच्या सोसायटीने कामवाल्या बायकांना परत आत सोडलं. लालबागवरून हिंदू कॉलनी चालत, तासभर. काका दारातच, दोन मास्क लावून. शरच्चंद्र काका म्हणजे इन्कम टॅक्समधून रिटायर झालेले. एकटेच असतात, पण घरात अजून ऑफिस चालू आहे. गॅसची पावतीसुद्धा फाईलला.

मला राहवलं नाही. सांगितलं पंधराशेचं. जीभ कापून ठेवायला हवी होती. आधी विचारलं, यावर टॅक्स लागतो का हो? काका खूश झाले. खुर्ची ओढून बसले. अशी मदत म्हणजे उत्पन्न नव्हे, काळजी करू नको, तुला एक पैसाही लागत नाही. असं पंधरा मिनिटं. माझा कुकर चार शिट्ट्या जास्त झाला.

मग निघताना एप्रिलचा पगार दिला. चार हजारांच्या जागी अडीच.

म्हटलं, काका, कमी आहेत. तर म्हणाले, 'हे बघ वैशाली, एप्रिलमध्ये तू अर्धा महिना आली नाहीस, तरी मी पूर्ण पगार धरला. त्याच नुकसानीचे सरकारने पंधराशे दिले. एका नुकसानीची भरपाई दोनदा होत नाही.' पाकिटावर हिशोबही लिहिलेला. वजाबाकी बरोबर होती.

म्हणजे करमुक्त. फक्त सगळे कापले.

चालत येताना भारतमाता टॉकीजपर्यंत मनात भांडत आले. तिथून पुढे दमले.

१६ मे, रविवार

भिशीची बैठक, गॅलरीत, मास्क लावून. रमाबाईंनी बोलावली. भिशी त्यांची, पेटी त्यांची, शब्द त्यांचा. बासष्ट वर्षांच्या, अजून दोन घरची भांडी करतात. वयामुळे त्यांचीही नोंदणी झाली नाही, पण त्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणाल्या, 'तुका गावले, हिका नाय. काम दोघींचा तांच. ह्या काय बरां दिसना नाय.' ज्यांना मिळाले त्यांनी पाचशे पाचशे पेटीत टाकायचे. तीन हजार होतील. पाच जणींना सहाशे सहाशे.

राधा उठून उभी राहिली. तिचं मी लिहून ठेवते, कारण चूक नव्हतं. ती म्हणाली, भायखळ्याच्या नोंदणी कॅम्पात तीन दिवस मी रांगेत होते, तीन घरचे तीन खाडे पडले, पगार कापला गेला. तेव्हा या पाचांतल्या दोघी हसत होत्या, म्हणाल्या सरकार काय देणार आहे, कपाळ! आता मी त्यांना माझ्या पदरचे का देऊ?

ज्या दोघी हसल्या होत्या त्या खाली बघत बसल्या. अक्षता हसली नव्हती. तीही खाली बघत होती.

मी म्हटलं, माझे तर काकांनी कापले, मला माफ करा. सगळ्या एकदम म्हणाल्या, ते तुझं आणि काकांचं. रमाबाई म्हणाल्या, सरकारान तुका दिले काय नाय? दिले. मग!

ठरलं नाही काही. राधा म्हणाली, निदान कुणाची किती घरं, किती खाणारी तोंडं ते तरी बघा, सगळ्यांना सारखेच पाचशे कसे? सगळ्या मला म्हणाल्या, तुझे काका टॅक्सवाले ना, विचार.

१७ मे, सोमवार

वादळ. जिन्यावरचा पत्रा उडून समोरच्या चाळीत गेला. काकांचा फोन: येऊ नकोस, आजचा पगार कापणार नाही. लिहून ठेवते.

२० मे, गुरुवार

काकांना विचारलं. इतका आनंदी माणूस मी या लॉकडाऊनमध्ये पाहिला नाही. नावं विचारली, घरं विचारली, तोंडं विचारली, आजारपणं विचारली. विधवा वेगळ्या, ज्येष्ठ वेगळ्या. फुटपट्टी घेऊन तक्ता आखला. मी दोन्ही वेळच्या पोळ्या करून ओटा पुसला तरी चालूच.

उत्तर आलं. सगळ्या सवलती धरल्या तर आमच्या चाळीत कुणालाच कर बसत नाही. शून्य.

'तत्त्वतः हेच न्याय्य आहे,' म्हणाले.

रमाबाईंना तक्ता दाखवला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, कागद चांगलो आसा, वालाच्या शेंगा निवडूक होयत. पाचशेच ठरले. सगळ्यांना सारखे.

२३ मे, रविवार

पाचशे भरले. कापलेल्या पगारातून. राधानेही भरले, सर्वांत शेवटी. नोटा पेटीवर आपटल्या, पण भरले. नंतर माझ्याकडे येऊन रडली थोडी. म्हणाली, ते तीन खाडे कुणी भरून देणार नाही गं मला.

अक्षताला सहाशे मिळाले. लगेच दुकानात गेली. तो उधारी ठेवत नाही. पंधरा जूनपर्यंत फोन ठेवतो, नाही आलात तर सुट्या भागांसाठी विकणार म्हणाला. चारशे कमी आहेत.

माझ्याकडे चारशे नव्हते असं नाही. रेशन आणायचं होतं.

१ जून, मंगळवार

मेचा पगार पूर्ण आला. वादळाचा दिवस धरून.

६ जून, रविवार

पूर्वी गॅलरीत बसून माझ्या नवऱ्याच्या जुन्या वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवते. मला विचारते, मावशी, सहा अक्षरी शब्द, अमुक तमुक. हुशार आहे. चारशे अजून जमलेले नाहीत. अक्षता मागत नाही कुणाकडे. माझ्याकडे तर मुळीच नाही.

१० जून, गुरुवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण मग ही डायरी कशाला?

काका म्हणाले, पावसाळा आला, फळ्यांवरचे कागद बदल. मोरीच्या वरच्या माळ्यावर जुनी कॅलेंडरं आहेत, ती घाल. २०२०चं काढलं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. दुधाची खूण, गॅसची खूण, आणि रोज एका कोपऱ्यात पेनने बाईची हजेरी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे वीस दिवस, 'वै'. मग रिकामं. मग जुलैच्या सहा तारखेपासून 'अ'. अ, अ, अ. ऑगस्ट अ. गणपतीतही अ. दिवाळीतही अ. डिसेंबरच्या पाच तारखेला पुन्हा 'वै'.

अ म्हणजे अक्षता.

गेल्या वर्षी मेमध्ये आम्ही देवगडला गावी गेलो, ते दिवाळीनंतर आलो. माझं घर जाऊ नये म्हणून अक्षताला बदली दिली. आमच्यात असंच आहे. बदलीवालीने काम करायचं, महिन्याचा पगार घ्यायचा, आणि मूळची परत आली की निमूट घर सोडायचं. घर मूळचीचं. अक्षताने निमूट सोडलं. पाच महिने सकाळ-संध्याकाळ, ज्या दिवसांत लोक एकमेकांच्या दाराला हात लावत नव्हते, तेव्हा.

आणि डिसेंबरात मी नोंदणी केली. काकांनी पत्र लिहिलं: 'सौ. वैशाली ही सन २०२०मध्ये माझ्याकडे नियमित कामास होती.' मी कुठे होते? देवगडला. आंबे, फणस, सगळं खात होते.

अक्षता तेव्हा म्हणाली होती, ताई, माझ्यासाठीपण एक कागद विचारशील काकांना? मी म्हटलं, विचारते. चार दिवसांनी सांगितलं, काका नाही म्हणाले. एका घराचं एकच पत्र देतात.

मी विचारलंच नव्हतं. भीती वाटली. दोन नावं झाली की काका म्हणतील, हीच बरी होती. तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात, हे त्यांनी मला एकदा ऐकवलं होतं.

सगळे अ मोजले. एकशे अडतीस. मग ती पानं फळीवर घातली नाहीत. घडी करून पिशवीत ठेवली.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

११ जून, शुक्रवार

काकांना कॅलेंडर दाखवलं. ओट्याला टेकून उभी राहिले. सांगून टाकलं. पत्र चुकीचं होतं, ते दिवस अक्षताचे होते, पंधराशे तिचे होते. तिला पत्र द्या. नोंदणी अजून चालू आहे. माझं घर गेलं तरी चालेल, असं म्हणायचं ठरवलं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

काकांनी चष्मा बदलला. कॅलेंडर वाचलं. मग टेबलाशी गेले आणि पत्र लिहिलं. दोन मिनिटं. तारखा घालून, सही, खाली रबरी शिक्का.

'तिने डिसेंबरातच मागायला हवं होतं,' म्हणाले. 'मी तेव्हाच दिलं असतं.'

मी पत्र उचलून पिशवीत ठेवलं.

पुढे म्हणाले, तुझं पत्र लिहिताना माझीही नजरचूक झाली. कॅलेंडर समोर होतं, पाहिलं नाही. मग म्हणाले, पंधराशेची मदत तुझी नव्हती, तेव्हा ती तुझ्या पगारातून वजा करता येत नाही. चुकीच्या व्यक्तीकडून झालेली वसुली. परतावा देणं आलं.

आणि कपाटातून पंधराशे काढून दिले! पावती लिहून घेतली, रेव्हेन्यू स्टँप लावून. स्टँपचा रुपया माझ्याकडून घेतला.

१२ जून, शनिवार

अक्षताला पत्र दिलं. पंधराशे दिले. आणि सांगितलं, काका नाही म्हणाले नव्हते. मी विचारलं नव्हतं.

तिने पत्र वाचलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, 'मी सहा महिने त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत होते, ताई.'

मग दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

१३ जून, रविवार

नळावर आली नाही. पूर्वी आली हंडा घेऊन.

१५ जून, मंगळवार

सकाळी भिंतीपलीकडून पूर्वीचा आवाज. 'येस मॅडम, प्रेझेंट मॅडम.'

रमाबाई पाकीट घेऊन आल्या. अक्षताने पेटीत पाचशे भरले, म्हणाल्या, तिचा कर. आधी मिळालेले सहाशेही परत केले. तेव्हा मी भरलेले पाचशे मला परत, आणि ते सहाशेही माझे. कारण ज्यांना मिळाले नाहीत, त्या पाचांत आता मी आहे. अकराशे. दोनदा मोजले, बरोबर आहेत.

अक्षता स्वतः नाही आली.