छतापाशी चढवलेली जर्सी

तुम्हाला ‘सर’ म्हटलेलं आवडायचं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ असंच लिहितेय. इथे आयर्लंडमध्ये, किलकेनीतल्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारी तुम्ही आम्हाला चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकवायचात, कारण जवळपास बर्फाची रिंक नव्हतीच. पुण्याहून आलेली मी सारखी भिंतीवर आपटायचे. एकदा अंगावर आलेला पक, हॉकीची ती रबरी चकती, मी चुकवला, तेव्हा तुम्ही ओरडलात, “डिफेन्सनं बाजूला व्हायचं नसतं! अंगावर घ्यायचा!” जर्मनीत आइस हॉकीच्या क्लबकडून खेळताना तुम्ही वर्षानुवर्षं तेच केलं होतंत. गोल इतरांनी मारले. तुम्ही ती रबराची चकती बरगड्यांवर, जबड्यावर झेललीत. पुढचे दात खोटे होते. शेवटी गुडघा गेला आणि क्लबनं हंगामाच्या मध्येच, ड्रेसिंग रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. निरोपाची मॅच नाही, काही नाही. हे तुम्ही हसत सांगायचात. मग आयरिश बायकोच्या मागोमाग इथे आलात आणि पुढे आमचे शेजारी झालात.

त्या दुपारी नवरा पुण्यात होता, त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. बाळाला अजून महिना होता आणि किचनमध्येच माझं पाणी गेलं. मी खिडकीतून हाक मारली. तुम्ही टाय लावून गाडीत बॅग ठेवत होतात.

“कुठे निघाला होतात?” गाडीत बसताना मी विचारलं.

“कुठे नाही. कपडे लाँड्रीत टाकायचे होते.”

टाय लावून लाँड्रीत कोण जातं? पण मला तेव्हा काही सुचत नव्हतं. हॉस्पिटलात नर्स तुम्हाला माझे वडील समजते. तुम्ही घड्याळ बघता. मी तुमची बाही धरते, “जाऊ नका ना, प्लीज.” तुम्ही म्हणता, “नाही जात.” आणि संध्याकाळी मुलगी होईपर्यंत बाहेरच्या खुर्चीवर बसून राहता.

दोनेक वर्षांत तुम्ही गेलात. अंत्यविधीनंतर तुमच्या घरी चहा घेताना तुमची बायको बोलून गेली. माझी लेक जन्मली त्याच संध्याकाळी जर्मनीतल्या जुन्या क्लबनं तुमच्या सन्मानासाठी तुमची जर्सी कायमची रिंकच्या छतापाशी चढवली होती. राहिलेला निरोप. ती वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून थेट एअरपोर्टवर पोचली, तिथे तिला तुमचा फोन आला, मी येत नाही म्हणून.

“सगळी रिंक उभी राहिली म्हणे,” ती म्हणाली. “तोच तेवढा नव्हता.” माझा चेहरा बघून घाईनं पुढे म्हणाली, “अगं, पण तो ग्रँड होता, अगदी मजेत. एका शब्दानं बोलला नाही.”

बोलला नाहीत, तेच तर. जबडा मोडला तेही तुम्ही हसतच सांगायचात.

लेक आता हायस्कूलला जाईल. वाढदिवसाला विचारते, “मम्मी, व्हाय डू यू ऑल्वेज गो क्वाएट?” मी म्हणते, काही नाही, केक काप. नवऱ्याला मात्र इतकी वर्षं सांगत आलेय, मला ठाऊक असतं तर मीच त्यांना जा म्हटलं असतं. हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते: ठाऊक असतं, तरी मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं.