पोलादी मनाचा आराखडा

१२ नोव्हेंबर
वाईला पुन्हा तेच! माइकसमोर उभा राहिलो, 'बंधुभगिनींनो' म्हणालो — आणि छातीत ढोल सुरू. 'तब्येत बरी नाही' म्हणून खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. न केलेल्या भाषणाला! डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. म्हणजे दोष मनाचा. आणि माझं सर्वांत गाजलेलं व्याख्यान कोणतं? 'मन पोलादी करा!'

१९ नोव्हेंबर
बायकोनं परस्पर समुपदेशकाची वेळ घेतली. "जगाला सांगता, आता कुणाचं तरी ऐका!" — अनसूयेचा हुकूम. मी अट घातली, साताऱ्यात नको. सांगलीत मला कोण ओळखतंय?

दवाखान्याबाहेरच्या बाकावरचा पहिलाच माणूस उठून पाया पडला! बाळगोंडा, मिरजेकडचा द्राक्षबागाईतदार.
"आवं सर, तुमी हितं? व्याख्यान हाय व्हय?"
"पाहणीला आलोय."
"लय भारी! मी पेशंट हाय."
किती सहज! जणू दाढी करायला आलाय.

आत प्रीती मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी मनाच्या शास्त्राचा इतिहास सुरू केला, थेट ग्रीकांपासून. त्यांनी सगळा ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "सर, झोप लागते का?"
लागत नाही.

२६ नोव्हेंबर
उपचाराचा आराखडा तयार. मला वाटलं होतं, छापील असेल, सगळ्यांना एकच. नाही! माझ्याच मापाचा शिवलाय.

"काय साधायचंय तुम्हाला?"
"जानेवारीत साताऱ्याची व्याख्यानमाला. तिथं गप्प झालो तर संपलो."
तसंच लिहिलं त्यांनी. श्वासाचा सराव करायचा. अनसूयेला रोज एक प्रश्न विचारायचा आणि तिचं उत्तर पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही — हा उपचार की शिक्षा? मग एखाद्या छोट्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन. आभार! मी! पत्रिकेत ज्याचं नाव ठळक असतं, तो! आभाराला खजिनदाराचा भाचा उभा करतात हो!

आणि शेवटचं कलम: भाषणात धडधड सुरू झालीच तर लपवायची नाही. माइकवरच सांगायचं.
"हे खोडा," मी गरजलो. "पोलादी मनवाला असलं सांगणार?"
"खोडत नाही. शेवटाला ठेवलंय ना!"

३ डिसेंबर
अनसूयेला विचारलं, "आज दिवस कसा गेला?" तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२१ डिसेंबर
दहिवडीच्या वाचनालयात आभार मानले. वक्ता कोवळा, भाषण टुकार. दात-ओठ खात बसलो होतो. उठलो तेव्हा धडधड होतीच. पण खुर्च्या मांडणाऱ्यांची नावं घ्यायची होती, चहा करणाऱ्या मावशींना विसरून चालणार नव्हतं — त्या गडबडीत स्वतःकडे बघायचंच राहिलं! फोनवर सांगितलं तर प्रीती मॅडम हसल्या. राग आला. मग गेला.

८ जानेवारी
साताऱ्याचा संयोजक कृष्णात, फोनवर: "काय सर, तोफ तयार हाय न्हवं? विषय आपला ठरल्याला, मन पोलादी करा!" दरवेळी हाच विषय मागतो. हो म्हणालो.

१७ जानेवारी
सभागृह तुडुंब. तिसऱ्याच वाक्याला ढोल. पेला उचलला, पाणी सांडलं. अनसूया पहिल्या रांगेत, माझ्याकडे बघत. खुणा नाहीत, काही नाही.

"थांबा," मी माइकवर म्हणालो. "माझी छाती धडधडतेय. मला भीती वाटतेय."

मागून आवाज — बाळगोंडा, सांगलीच्या बाकावरचा! "सावकाश बोला, सर! आमी कुठं पळून चाललोय?"

हशा पिकला. मग सगळंच सांगून टाकलं. वाई, सांगली, प्रीती मॅडम, आराखडा. पोलादाचं नाव निघालंच नाही. कृष्णात मात्र कोपऱ्यात उभा, चेहरा पडलेला. आभारसुद्धा न मानता निघून गेला.

१८ जानेवारी
सकाळी कृष्णातचा फोन. वाटलं, आता झाडणार. "सर, त्या सांगलीच्या मॅडमचा नंबर द्या. आमच्या मंडळींसाठी पायजे." दिला.
थोड्या वेळानं पुन्हा फोन.
"सर... मंडळींसाठी न्हाई. मलाच पायजे हुता."