आक्काच्या इंजेक्शनसाठी

४ ऑगस्ट, सोम.
आक्काचं दुसरं इंजे. आज होतं. हॉस्पिटलची पुन्हा तीच चिठ्ठी: बाहेरून आणा. पहिलं आणलं तेव्हा माझी एफडी मोडली. कॅन्सरचं औषध सरकारी योजनेत मोफत, मंजुरीही आलेली, तरी...
इंजे. न घेताच परत. आक्का म्हणाली, "कुंदे, राहू दे आता. माझं वय झालं." तिला सांडोरला तिच्या घरी सोडलं.

५ ऑगस्ट
आचोळ्यात माझ्या घराजवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली. तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं, निम्म्याहून स्वस्त! हॉ.च्या दारातल्या दुकानात हे कोणी बोललं नाही. डोकं फिरलं.
योजनेच्या हेल्पलाइनला फोन. मुलगी नीट बोलली. "मॅडम, मंजुरीत औषध धरलेलंच आहे. बाहेरून आणा म्हणाले तर लेखी मागा."
लेखी! शाळेच्या ऑफिसात जन्मभर दुसरं केलं काय मी?

७ ऑगस्ट, गुरु.
अर्ज दोन प्रतींत: औषध द्या किंवा नाही म्हणून लिहून द्या, पहिल्याचे पैसे परत करा. बिल, मंजुरीचा कागद जोडला. हॉ.त आक्काला बाकावर बसवलं.
काउंटरवरचा: "काकी, स्टॉक नाहीये."
"तेवढंच लिहून सही-शिक्का द्या."
"असं कोणाला लिहून देत नाही."
"मग मी इथेच उभी आहे. रिटायर झालेय, घाई नाही."
मागे गास गावचे एक काका. त्यांच्या बायकोला तेच औषध. म्हणाले, "आम्हालाही लिहून द्या." मग आणखी एक बाई. मग पाच-सहा जण. मोठे साहेब खाली आले, अर्ज दोनदा वाचला.
अर्ध्या तासात इंजे. हजर. फ्रिजमध्येच होतं म्हणे! आक्काला दिलं, गासच्या काकींनाही.
तिथे रडले नाही. जिन्यात थोडी.

२८ ऑगस्ट, गुरु.
तिसरं झालं. न मागता. पहिल्याचे पैसे कालच खात्यात परत, पूर्ण! आक्काने वाडीतली राजेळी केळी आणलेली, वॉर्डभर वाटली. नर्सलाही. गासच्या काकी आणि आक्का लग्नघरातल्यासारख्या हसत होत्या.

१ सप्टें., सोम.
गाठ लहान झालीय. डॉ. म्हणाले, आता खंड नको. पण मंजुरी तीनच इंजे.ची होती. पुढचा अर्ज 'विचाराधीन'. चौथं १८ला.
उद्या हॉ.त जाते विचारायला. आक्काला सांगितलं तर साडी काढून ठेवली तिने. "माझं औषध, मी बोलणार. तू नुसते कागद धर."