लंडन ते मुंबई, अकोले ते श्रीगोंदा

आई, नऊ तास. लंडनहून मुंबईला थेट विमानानं यायला नऊ तास लागतात, फार तर साडेनऊ. आज मी स्वतः मोबाईलवर पाहिलं. अंतर सात हजार किलोमीटरच्या वर आहे, ते मान्य, पण धाकटीच परवा फोनवर म्हणाली, "ताई, जेवले, झोपले, की मुंबई." आणि तू मरेपर्यंत गल्लीला सांगत राहिलीस, "दोन दिस, दोन राती परवास करून आली माझी पोर." तू तास मोजतच नव्हतीस, वार मोजायचीस. ती शुक्रवारी विमानात बसायची, शनिवारी मुंबईला सासरी मुक्काम करायची आणि रविवारी श्रीगोंद्याला यायची. तिच्या सासरचा पाहुणचारसुद्धा तू प्रवासात धरलास!

नगरच्या कॉन्व्हेंटात तूच आम्हा दोघींना घातलंस. सिस्टरांनी दोघींना इंग्रजी सारखंच शिकवलं. तिला ते लंडनला घेऊन गेलं, मला अकोल्याच्या शाळेत. निवृत्त होईपर्यंत मी तिथं तेच शिकवत राहिले.

एका मे महिन्यातली दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. मी पहाटे अकोल्याहून निघून, संगमनेरला एसटी बदलून, नगरला बदलून, धुळीनं माखून तुझ्या दारात आले. तू म्हणालीस, "आलीस व्हय? वांगी चिर." मी विळीवर बसते न बसते तोच बाहेर टॅक्सी थांबते. तू धावतेस. "थांब, उंबरा वलांडू नको! लई लांबनं आलीया!" तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळतेस, पायांवर पाणी घालतेस, तुकडा लांब भिरकावतेस. मी आतून विचारते, "माझ्यावरून नाही ओवाळायचा? मीही सकाळपासून गाडीतच आहे." तू हसतेस. "तुझं काय बाई, तू हितलीच."

हितलीच. शाळेत सिस्टर रागावायच्या तेव्हाही इतकं बोचरं कुणी बोललं नव्हतं. तुझ्या शेवटच्या आजारपणात तुला न्हाऊमाखू घालायलाही ही हितलीच होती. मी भरवत होते आणि तू दाराकडे बघून विचारत होतीस, "तिचं इमान कुठवर आलं?"

म्हणून आज मी ताडून पाहिलं. स्टँडवर ताटकळणं धरलं तर अकोले ते श्रीगोंदाही मला नऊ तासच लागायचे. तिला आकाशात गरम जेवण मिळायचं, मला पिशवीतली दशमी. मग लांबची कोण, सांग ना.

हे पत्र कुठं टाकू? श्रीगोंद्याच्या घराला कुलूप आहे. आणि तू वाचलंस तर एक गोष्ट विचारशीलच, म्हणून सांगते. तेवढे नऊ तास लागायला नको होते. नगरच्या स्टँडवर श्रीगोंद्याची गाडी समोरच लागलेली असायची. मी ती सोडायचे. कधी पुढचीही सोडायचे. तेवढंच आणखी लांबून आल्यासारखं व्हावं म्हणून.