संपाच्या कॅसेट ज्यांच्या त्यांना

मी, क्रांत्या आणि चळवळींच्या अभ्यासात उभा जन्म घालवलेली निवृत्त प्राध्यापिका, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन मात्र कधीच ठिकाणावर नव्हतं. आताही रस्त्यावर कुणी मोठ्याने बोललं, की मोर्चा आला की काय म्हणून लेखणी टाकून खिडकीशी जाते.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. लहानपणी मी दाराबाहेर पडताना ती विचारायची, "आई, आज कुणाचं भांडण?" तिने घर खुशाल विकावं. मी तरी त्यात कुठे स्वस्थ बसले!

२. पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावीत. समासातल्या माझ्या शिव्यांसकट.

३. परिचारिकांच्या संपात घेतलेल्या मुलाखतींच्या कॅसेट मात्र विद्यापीठाला देऊ नयेत. संप मोडल्यावर चौकशी समितीने त्या मागितल्या, तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले, "बाई, देऊन टाका. तुमचा अभ्यास तर झालाय."

"सर, त्यात नावं आहेत. बायकांच्या नोकऱ्या जातील."

त्याच संध्याकाळी कॅसेट बहिणीच्या घरी, पिठाच्या डब्यात गेल्या. माझी बढती अडली ती कायमची. आता त्याच सरांच्या नावाने विद्यापीठात ध्वनिसंग्रह निघतो आहे आणि तिथून कॅसेटसाठी मला गोड गोड फोन येतात. सरांना मी माफ केलेलं नाही, याची नोंद असावी.

४. सर्व कॅसेट संपाचं पुढारपण केलेल्या सिस्टरांकडे द्याव्यात. जिचा आवाज, तिला किंवा तिच्या मुलांना त्यांनी त्या पोचवाव्यात. ठेवायच्या की पुसायच्या, हे ज्याचं त्याने ठरवावं. हे कळवलं तेव्हा सिस्टर फोनवर म्हणाल्या, "काही जणी गेल्या हो. त्यांच्या पोरांनी आईला असं कडाडून बोलताना कधी ऐकलंच नाही."

५. मसुदा वाचून लेक म्हणाली, "सगळ्यांचे आवाज जपलेस. तुझा कुठे आहे?"

तिने आपल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो माझ्यापुढे ठेवला. "वाच. मोठ्याने."

म्हणून हे मृत्युपत्र माझ्या आवाजातही आहे आणि ते फक्त लेकीचं आहे. वाचताना मी मध्येच थांबले आहे. तो भाग कुणी कापू नये.

वाचून, समजून सही केली.
(सही) लिहून देणार

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
(सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी
(सही) दाखला देणारे डॉक्टर

ठिकाण : राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी