कडुनिंबाखालची शिवरंजनी उचलायला जाण्यापूर्वी

मी, व्या. विष्णुप्रसाद राव, वय एकवीस, सध्या नाचियार्कोविल येथे समया घडवण्याचे काम शिकणारा, राहणार कुंभकोणम, हा कागद स्वतःच्या हाताने व स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अप्पांचे याबाबत वेगळे मत आहे. ते त्यांनी वेगळ्या कागदावर लिहावे. मला कोणी दम देऊन लिहायला बसवलेले नाही. उद्या शुक्रवारी सकाळी सहा वाजता मी उद्यानात जाऊन माझे शिल्प उचलणार आहे. तेथे मीनाक्षीबाई पंचवीस बायकांसह केरसुण्या घेऊन बसलेल्या असतील, म्हणून माघारी येण्याची खात्री नाही.

मजकूर आमच्या मराठीत अशासाठी की उद्यानात कोणा तमिळ माणसाच्या हाती लागला तर वाचता येऊ नये. एक मीनाक्षीबाई वाचू शकतील. त्यांनी जरूर वाचावा. पुण्याचे एक पाहुणे आमच्या बोलण्याला तीनशे वर्षांपूर्वीची मराठी म्हणून हसले होते. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

कलम १. हकिकत. शेजारचे कृष्णराव मामा, ज्यांनी चाळीस वर्षे कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्तऐवज लिहिले, म्हणतात की मृत्युपत्राला हकिकत लागत नाही. मला लागते.

उद्यानातल्या यंदाच्या पुष्पप्रदर्शनात प्रथमच उघड्यावरच्या शिल्पांचा विभाग ठेवला होता, बक्षिसांसह. मी समयांच्या मोडीतून साडेचार फुटांची पितळी मुलगी केली. बसची वाट पाहते आहे, एका हातात मोबाईल. नमुना म्हणून आमच्या गल्लीतली शिवरंजनी थांब्यावर उभी राहिली, एका अटीवर: "चेहरा माझा करायचा नाही." मी कबूल झालो. चेहरा तिचाच झाला. यात माझा दोष नाही. माझ्या हाताला दुसरा चेहरा येतच नाही.

मला जागा मिळाली कडुनिंबाखाली. सकाळचे ऊन पडावे म्हणून मी तिचे तोंड पूर्वेला केले. चिंचेने घासून लखलखीत केली. झेंडूच्या वाफ्यातून मुंग्या चढत होत्या, म्हणून आईने सांगितल्याप्रमाणे चौथऱ्याला हळद फासली. एवढे करून मी चहा प्यायला गेलो. कुंभकोणमात जन्मलेल्या माणसाने कडुनिंब, पूर्व दिशा आणि हळद एकत्र आणून चहा प्यायला जाऊ नये. परत आलो तर अंगावर पिवळे लुगडे, गळ्यात लिंबांची माळ, आणि मोबाईलवर कापूर पेटलेला.

त्याच संध्याकाळी एका बाईची अडकलेली पेन्शन आली. झाले! उशीर झालेले आणून देणारी देवी, अम्मन, अशी कीर्ती पसरली. लोक तिच्या पायाशी गॅस सिलिंडरच्या पावत्या, पासपोर्टच्या अर्जाच्या प्रती आणि तिशी उलटलेल्या मुलांच्या पत्रिका ठेवू लागले. तिरुनीलक्कुडीचे एक गृहस्थ तर प्रत्यक्ष बिनलग्नाच्या भावालाच घेऊन आले.

परीक्षक लक्ष्मीदेवी मॅडम वही घेऊन आल्या, चपला काढल्या, हात जोडले आणि निघाल्या.

"मॅडम, मार्क?" मी विचारले.

"अम्मनला मार्क देऊ, तंबी? मला घरी मुलंबाळं आहेत."

शेरा पडला: स्पर्धेबाहेर. रविवारी प्रदर्शन संपले. सगळ्यांची शिल्पे घरी गेली. माझ्या शिल्पावर मांडव उभा राहिला.

कलम २. कार्तिक. शाळेपासून माझा मित्र होता. 'होता' यावर जोर द्यावा. पहिले बक्षीस त्याच्या कोहळ्यात कोरलेल्या मोराला मिळाले. समारंभाआधीच एका बकरीने त्या मोराचा पिसारा खाल्ला होता. तरी चषक त्यालाच. तो चषक त्याने शिवरंजनीच्या दारावरून तीन वेळा नेला, दोनदा विनाकारण. त्याला मी माझी इंजिनिअरिंगची पाचव्या सेमिस्टरपर्यंतची सर्व पुस्तके देतो. त्याने ती वाचावीत. याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही. बकरीबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्या प्रदर्शनात योग्य निकाल तिनेच दिला.

कलम ३. शिवरंजनी. मंगळवारी ती आमच्या दारात आली. आत आली नाही.

"विष्णू, बाहेर ये! आज कंडक्टरनं माझं तिकीट घेतलं नाही. बस पाच मिनिटं थांबली की सगळी बस माझ्याकडे बघते. माझी आत्या, सख्खी आत्या, सकाळी माझ्या पाया पडली! वर विचारते, मुलाचं प्रमोशन कधी देतेस?"

"लोकांची श्रद्धा आहे, शिवा..."

"शुक्रवारी सातला अभिषेक आहे माझा! अकरा घागरी पंचामृत, माझ्या डोक्यावर! त्याच्या आत मला तिथून काढ. नाही तर जन्मात तोंड दाखवू नकोस."

तेव्हापासून बोलणे बंद आहे. मी जेवतो, पण काय जेवलो ते सांगता येत नाही. माझ्या सर्व कानशी, छिन्न्या, पक्कड, दुचाकी आणि निळी वही मी शिवरंजनीला देतो. वहीत एकेचाळीस पाने तिच्या नाकाची आहेत. अजून नीट आलेले नाही. शिल्प सुटले तर तेही तिचेच. वितळवावे की ठेवावे, ती ठरवील.

कलम ४. मीनाक्षीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. काल मी त्यांना हात जोडून सांगितले, "बाई, ती देवी नाही. ती बसची वाट बघते आहे."

"मग बस येईपर्यंत पूजा करतो. तुझं काय जातं?"

"हातात मोबाईल आहे, बाई!"

"भक्तांचं ऐकायला. आणि हे बघ, हात लावलास तर हात मोडीन. दहावीला तू काठावर होतास तेव्हा गणितात पस्तीस कुणी दिले? विसरलास?"

विसरलो नाही. ते पस्तीस मार्क मी या कागदाने त्यांना परत करतो.

कलम ५. अप्पा अजून लोकांना सांगतात की मुलाने कॉलेजला 'ब्रेक' घेतला आहे. माझ्यामागे त्यांनी मुलगा समया घडवत होता असे सांगावे. मी परवानगी देतो. आईला कोणी बोल लावू नये. मुंग्या खरोखर गेल्या होत्या.

पुरवणी. वरील मजकूर घेऊन मी आज दुपारी कृष्णराव मामांच्या ओसरीवर गेलो. एक साक्षीदार ते स्वतः. दुसरा म्हणून समोर जो दिसेल त्याला ते हाक मारणार होते, आणि दिसली शिवरंजनी. ती आली. तिने कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच सगळा वाचला. कलम दोनला हसली. कलम तीनला हसली नाही.

"एकेचाळीस पानं? एवढं अवघड आहे माझं नाक?"

तिने पेन मागितले. मामा म्हणाले, "थांब गो. साक्षीदार म्हणून सही केलीस की या कागदातलं तुला काही मिळत नाही. कायदाच आहे. कलम तीन फुकट जाईल. कार्तिकला बोलावतो."

"मामा, हे सगळं मला कधी मिळणार?"

"हा मेल्यावर. मृत्युपत्रच आहे ते."

"मग आणा ते पेन इकडे."

आणि तिने सही केली, इतकी दाबून की खालच्या दोन पानांवर उमटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सहाला मीही येते. काल त्याच बायकांनी मला ओवाळलंय, केरसुणी उगारतील माझ्यावर? मी पुढे, तू मागे. आणि उचलताना चौथऱ्याला धरायचं. कमरेला नाही."

सबब कलम तीन रद्द झाले आहे. त्यातल्या वस्तू मी तिला जिवंतपणीच हातोहात देईन; ती घेईल की नाही हे तिने सांगितलेले नाही. बाकीचे मृत्युपत्र कायम आहे. मात्र ते अमलात यावे अशी माझी आता अजिबात इच्छा नाही.

सही: व्या. विष्णुप्रसाद राव

साक्षीदार:
१. कृष्णराव, निवृत्त दस्तऐवज लेखक (सही)
२. शिवरंजनी, समोरचे घर (सही)

स्थळ: कृष्णराव मामांची ओसरी, कुंभकोणम
गुरुवार, २२ जानेवारी २०२६